बुद्धी, युक्ती आणि कोडी: माणूस व प्राणी प्रश्न कसे सोडवतात? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माणसांच्या आणि प्राण्यांच्या बुद्धीबद्दल वाचक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सुरुवातीचे प्रश्न सोपे, पुढचे आडवळणाचे. कुठूनही वाचायला घेतलं तरी चालेल. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्रश्न सोडवता येणं म्हणजेच बुद्धी का?

तेवढीच नव्हे, पण बुद्धी बहुतेक वेळा तिथेच दिसते. हवं ते समोर आहे, पण तिथवर पोचायची तयार वाट नाही, अशी अवस्था म्हणजे समस्या. त्यामुळे एकच काम एकाला समस्या असते आणि दुसऱ्याला सवय. बुटाची नाडी बांधणं चार वर्षांच्या मुलाला अवघड कोडं वाटतं; मोठ्यांचे हात ते न बघता करतात. म्हणूनच "जमलं का?" एवढंच विचारून भागत नाही. पहिल्या वेळी कसं जमलं आणि मांडणी जरा बदलल्यावर काय झालं, हे पाहावं लागतं. पुढची बरीचशी उत्तरं याच दोन गोष्टींपाशी येतात.

२. प्राणी करतात ते सगळं उपजतच असतं ना? त्यात अक्कल कुठे आली?

पुष्कळसं उपजत असतं, सगळं नाही. घरट्याबाहेर घरंगळलेलं अंडं राखी हंसाची मादी चोचीने ओढून आत आणते. कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन यांनी १९३८ साली यातली गंमत दाखवून दिली: ओढणं सुरू झाल्यावर अंडं मधेच काढून घेतलं, तरी ती रिकाम्या जागेवरून चोच तशीच घरट्यापर्यंत ओढत नेते. परिस्थिती बदलली तरी कृती बदलत नाही, ही उपजत वागण्याची ठळक खूण.

पण उपजत आणि अक्कल यांच्यामध्ये भिंत नाही. ऑक्सफर्डमधल्या बेट्टी नावाच्या न्यू कॅलेडोनियन कावळ्याच्या मादीने २००२ साली सरळ तार वाकवून आकडा केला आणि उभ्या नळीतली खाऊची छोटी बादली वर ओढली. मग १० पैकी ९ वेळा तिने तेच केलं. जगभर कौतुक झालं. पुढे २०१६ साली दिसलं, की या जातीचे रानातले कावळेही हत्यार घडवताना काटक्या वाकवतात. म्हणजे वाकवणं तिच्या रक्तातच होतं. तरीही तार ही काटकी नव्हे. जन्मजात हातोटी नव्या वस्तूवर वापरणं हीसुद्धा बुद्धीच आहे, फक्त आधी वाटली तेवढी शून्यातून आलेली नाही.

३. चुकतमाकत शिकणं आणि 'अचानक सुचणं' यांत फरक काय?

एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली भुकेल्या मांजरांना फळ्यांच्या पेटीत कोंडून बाहेर खाणं ठेवलं. दोरीचा फास ओढला किंवा खटका दाबला, की दार उघडे. मांजर ओरबाडे, चावे, धडपडे आणि कधीतरी योगायोगाने फास ओढला जाई. पुढच्या खेपांना लागणारा वेळ कमी झाला, पण हळूहळू, खालीवर होत. एकदम कळलं असतं, तर वेळ धाडकन खाली आला असता. अशा ठिकाणी वेळेचा आलेख काढला तर तोच बोलतो.

उलट वोल्फगांग कोहलर यांनी १९१३ नंतर टेनेरिफ बेटावर चिंपांझींचा अभ्यास केला. सुलतान नावाच्या चिंपांझीला गजांपलीकडचं केळं हवं होतं, पण हातातल्या दोन्ही काठ्या आखूड होत्या. बराच वेळ झटून त्याने नाद सोडला आणि काठ्यांशी खेळत बसला. खेळता खेळता त्या एका रेषेत आल्या. त्याने बारीक काठी पोकळ काठीत खुपसली आणि लगेच गजांकडे धाव घेतली.

हे अचानक सुचणं वाटतं, पण त्यामागे आधीची शिदोरी किती? रॉबर्ट एपस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली कबुतरांना दोन गोष्टी वेगवेगळ्या शिकवल्या: खोका खुणेकडे ढकलणं, आणि जागचा न हलणाऱ्या खोक्यावर चढून खेळण्यातल्या केळ्याला चोच मारणं. मग केळं उंच टांगलं आणि खोका लांब ठेवला. कबुतरं घुटमळली, केळ्याकडे आणि खोक्याकडे आळीपाळीने पाहिलं, खोका केळ्याखाली ढकलला आणि वर चढली. ज्यांना दोनपैकी एकच गोष्ट शिकवली होती, त्यांना जमलं नाही. म्हणून "सुचलं" असं म्हणण्याआधी त्या जिवाला आधी काय काय येत होतं ते विचारा.

४. आमचा कुत्रा फाटकाची कडी स्वतः उघडतो. म्हणजे त्याला कडी कशी चालते ते कळलं?

उघडणं आणि कळणं या दोन गोष्टी आहेत. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लॉइड मॉर्गन यांचा टोनी नावाचा कुत्रा डोक्याने कडी वर उचलून बाहेर पडत असे. पाहणाऱ्याला तो विचार करतोय असं वाटे. मॉर्गन यांनी मात्र सुरुवातीपासून पाहिलं होतं: गजांमधून रस्त्याकडे बघता बघता त्याचं डोकं चुकून कडीखाली गेलं, फाटक उघडलं, आणि मग बऱ्याच दिवसांनी तो थेट योग्य जागी जाऊ लागला. याच दृष्टीतून त्यांनी १८९४ साली नियम मांडला: साध्या प्रक्रियेने वागणं समजत असेल, तर त्यासाठी वरच्या पातळीची बुद्धी गृहीत धरू नये.

पडताळायचं असेल तर यंत्रणा तीच ठेवून दिशा बदला. वर उचलायची कडी खाली दाबायची करा, किंवा ती फाटकाच्या दुसऱ्या बाजूला लावा. कुत्रा जुन्याच जागी डोकं घासत राहिला, तर त्याला हालचाल येते, कडी नाही. थांबून, हुंगून, थोड्याच प्रयत्नांत नवी दिशा पकडली, तर हालचालीपलीकडचं काहीतरी त्याला उमगलं आहे.

५. खडे टाकून पाणी वर आणणाऱ्या कावळ्याची गोष्ट खरी असू शकते का?

हो, काही अटींवर. २००९ साली रूक जातीच्या कावळ्यांसमोर अर्धवट भरलेली नळी आणि पाण्यावर तरंगती अळी ठेवली. त्यांनी खडे टाकून पाणी चढवलं, मोठे खडे आधी निवडले आणि भुशाच्या नळीत टाकणं लवकरच सोडलं. न्यू कॅलेडोनियन कावळे तरंगणाऱ्या वस्तूंपेक्षा बुडणाऱ्या, पोकळ वस्तूंपेक्षा भरीव, आणि वाळूच्या नळीपेक्षा पाण्याची नळी पसंत करतात. पण नळीत खडा टाकायची सवय त्यांना आधी लावलेली असते, हे सांगायचं सहसा राहून जातं.

जास्त शिकवून जातं ते त्यांचं अपयश. दोन नळ्या खालून जोडल्या आणि जोड झाकला, तर एकीत खडा टाकल्यावर दुसरीतलं पाणी वर येतं. इथे कावळे अडतात. पाणी वर येताना त्यांना दिसतं, पण कारण दिसत नाही. माणसांची मुलं हा झाकलेला जोडही वापरतात. साध्या नळीत मात्र पाच ते सात वर्षांच्या मुलांनाही काही खेपा लागतात. आठव्या वर्षापासून बहुतेकांना पहिल्याच खेपेला जमतं.

६. मेंदू जितका मोठा तितकी बुद्धी जास्त, हे बरोबर का?

नाही. स्पर्म व्हेलचा मेंदू सुमारे ८ किलोचा, माणसाचा जेमतेम १.४ किलोचा. चेतापेशी मोजल्या तरी हत्ती पुढे: आफ्रिकी हत्तीच्या मेंदूत सुमारे २५,७०० कोटी, माणसाच्या ८,६०० कोटी. पण हत्तीच्या जवळपास ९८ टक्के चेतापेशी अनुमस्तिष्कात, म्हणजे हालचालींचा ताळमेळ राखणाऱ्या मेंदूच्या मागच्या भागात आहेत. विचार आणि नियोजन यांच्याशी जास्त निगडित अशा मेंदूच्या बाह्यकात हत्तीच्या ५६० कोटी आणि माणसाच्या १,६०० कोटी.

पक्ष्यांनी तर वजनाचा हिशेबच मोडीत काढला. रॅव्हन कावळ्याचा मेंदू १५ ग्रॅमच्या आसपास असतो, तरी त्याच्या पुढच्या भागात १०० कोटींहून जास्त चेतापेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात. ऑक्टोपसच्या सुमारे ५० कोटी चेतापेशींपैकी दोनतृतीयांश बाहूंमध्ये आहेत. मधमाशीचं सगळं सुमारे दहा लाखांत भागतं. पेशी किती, कुठे आणि कशा जोडलेल्या, हे तिन्ही पाहावं लागतं.

७. चिंपांझीचा आयक्यू किती?

हा आकडा काढताच येत नाही. आयक्यू (बुद्ध्यांक) म्हणजे त्याच वयाच्या माणसांशी तुलना: सरासरी १००, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) १५. आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ साली पहिली चाचणी केली ती शाळेत जादा मदत लागणारी मुलं शोधण्यासाठी. "अमुक प्राणी तीन वर्षांच्या मुलाएवढा हुशार" हे वाक्यही तितकंच फसवं आहे. का, ते प्रश्न १२ आणि १३ वाचल्यावर दिसेल.

८. गणितं सोडवणाऱ्या घोड्याचं प्रकरण काय होतं?

बर्लिनमधला हान्स नावाचा घोडा बेरजा-वजाबाक्यांची उत्तरं खूर आपटून देई. मालक विल्हेल्म फॉन ऑस्टेन प्रामाणिक होते. १९०४ साली नेमलेल्या समितीलाही लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट यांनी दोन गोष्टी बदलल्या: विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसणं, आणि घोड्याला विचारणारा न दिसणं. दोन्हीत हान्स हरला. आपटणं योग्य आकड्यावर आलं, की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित वर होई, आणि घोडा तेवढं पाहून थांबे. हे कळल्यावरही फुंग्स्ट यांना स्वतःची हालचाल पुरती रोखता येईना. हान्सला गणित येत नव्हतं, पण माणूस वाचायला तो आपल्याहून तरबेज होता, आणि तीही एक बुद्धीच.

९. घरच्या कुत्र्या-मांजराची चाचणी नीट कशी घ्यायची?

दोन वाट्यांची चाचणी सोपी आहे, पण बहुतेकांची ती तीनच कारणांनी फसते: वास, मालकाची नजर, आणि फार थोड्या खेपा.

दोन सारख्या, अपारदर्शक वाट्या ४० सेंटिमीटर अंतरावर उपड्या ठेवा. दोन्हींच्या आतून तोच खाऊ आधी चोळून घ्या, म्हणजे वासाने निवाडा होणार नाही. प्राणी दीड मीटरवर कोणीतरी धरून ठेवावा, आणि धरणाऱ्याने तोंड दुसरीकडे करावं. प्राण्याला दिसेल असा खाऊ एका वाटीखाली ठेवा, दुसरीखालीही तितकाच वेळ रिकामा हात घाला, मग पाच सेकंद थांबून नजर जमिनीवर ठेवा आणि प्राण्याला सोडायला सांगा. ज्या वाटीला तो आधी तोंड किंवा पंजा लावेल तीच त्याची निवड. दुसरी संधी देऊ नका. डावं-उजवं आधीच कागदावर लिहून ठेवा: दोन्ही बाजू सारख्याच वेळा, पण एकच बाजू सलग दोनदापेक्षा जास्त नको.

१० पैकी ८ बरोबर आले म्हणून नाचू नका. नुसत्या नशिबाने ८ किंवा जास्त येण्याची शक्यता साडेपाच टक्के असते. ९ किंवा जास्तची मात्र सुमारे एकच टक्का. २० खेपा घेतल्या तर १५ पुरेसे आहेत. १० पैकी निम्मेच, म्हणजे ५ बरोबर आले तर नोंदी पुन्हा पाहा: बऱ्याचदा प्राणी दर वेळी एकाच बाजूला गेलेला असतो.

संयम पाहायचा असेल तर दोन्ही टोकं उघडी असलेली पारदर्शक नळी घ्या. तोंड सहज आत जाईल एवढी रुंद, आणि धारदार कडांना चिकटपट्टी. आधी नळी कापडाने झाका आणि प्राणी बाजूच्या तोंडातून खाऊ काढायला शिकेपर्यंत, पाचपैकी चार वेळा बरोबर येईपर्यंत थांबा. मग कापड काढून १० खेपा घ्या. आता खाऊ समोर दिसतो आणि प्राणी सरळ पारदर्शक भिंतीवर तोंड आपटतो. तो मोह आवरून बाजूने गेला तर खेप बरोबर. २०१४ साली ३६ जातींवर झालेल्या मोठ्या अभ्यासात ही चाचणी वापरली होती.

एका बैठकीत दहापेक्षा जास्त खेपा नकोत, आणि प्राणी उठून गेला तर तिथेच थांबा. पहिल्या खेपेची नोंद सगळ्यात मोलाची. नंतरच्या खेपांत शिकणं मिसळत जातं.

१०. चाचणीत नापास झाला म्हणजे प्राणी मठ्ठ?

आधी चाचणी त्याच्या शरीराला बसते का ते पाहा. गिबन हे वानर पूर्वी दोरी ओढून खाऊ मिळवण्यात नापास होत. बेंजामिन बेक यांनी १९६७ साली दोऱ्या जमिनीवरून उचलून वर ठेवल्या, आणि गिबननी त्या ओढल्या. फांद्यांना लोंबकळण्यासाठी घडलेल्या त्यांच्या लांब बोटांना सपाट जागेवरची दोरी उचलताच येत नव्हती. हत्तीला काठी दिली तर तो उंचावरचा खाऊ पाडत नाही. काठी धरलेली सोंड हुंगू शकत नाही आणि चाचपूही शकत नाही; आपण हाताने डोळे झाकून शोधत बसल्यासारखंच ते. कांडुला नावाच्या सात वर्षांच्या आशियाई हत्तीला काठीऐवजी मोठा ठोकळा मिळाला, तेव्हा त्याने तो ढकलत आणून, वर पुढचे पाय ठेवून फळं गाठली. हे २०११ साली प्रसिद्ध झालं. मधल्या काळात हत्तीला सुचत नाही असंच लोक धरून चालले होते, ही मनाला लागणारी गोष्ट आहे.

११. आरशात स्वतःला ओळखणं ही बुद्धीची खात्रीची कसोटी आहे का?

पास होणं बोलकं आहे, नापास होणं नाही. गॉर्डन गॅलप यांनी १९७० साली चिंपांझींना भूल देऊन भुवईवर आणि कानावर रंग लावला. जागे झाल्यावर आरशात पाहून ते स्वतःच्या अंगावरचा तो ठिपका चाचपू लागले. मुलांना हे साधारण दीड ते दोन वर्षांत जमतं. डॉल्फिन (२००१), हत्ती (२००६), मॅगपाय पक्षी (२००८) आणि क्लीनर रॅस हा छोटा मासा (२०१९) यांच्यातही यश नोंदवलं गेलं. माशाबद्दल वाद सुरू आहे. कुत्रा नापास होतो, पण तो जग नाकाने ओळखतो आणि आरशाला त्याचा वास नसतो.

१२. माणसाला बुद्धीत हरवणारा प्राणी आहे का?

ठराविक कामांत आहे. क्लार्क्स नटक्रॅकर पक्षी एका हंगामात हजारो बिया पुरून महिन्यांनंतर शोधतो. क्योटोमधल्या आयुमू या चिंपांझीला पडद्यावर क्षणभर, अवघ्या ०.२१ सेकंदासाठी, आकडे दाखवून झाकले, तरी तो क्रमाने बोट लावी. २००७ च्या या चाचणीत विद्यार्थी मागे पडले. त्याचा सराव प्रचंड होता, आणि पुढे तितका सराव केलेली माणसंही त्याच्या बरोबरीला आली, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट अर्धवट राहते.

१३. मग माणसाचं वेगळेपण नेमकं कशात?

एकट्याने कोडं सोडवण्यात ते वाटतं तेवढं नाही. २००७ साली अडीच वर्षांची १०५ मुलं, १०६ चिंपांझी आणि ३२ ओरँगउटान यांना एकच चाचणीमाला दिली. जागा, प्रमाण आणि कारण यांच्या कामांत मुलं आणि चिंपांझी साधारण सारखे होते; दुसऱ्याकडून शिकण्यात आणि इशारे समजण्यात मुलं खूपच पुढे होती.

याची उलटी बाजूही पाहण्यासारखी आहे. २००५ साली एक पेटी उघडून दाखवताना मुद्दाम काही निरुपयोगी कृतीही केल्या. पेटी पारदर्शक असली की चिंपांझी त्या कृती गाळत आणि थेट खाऊकडे जात. तीन-चार वर्षांची मुलं निरुपयोगी कृतीही इमानाने करत. इथे मूल बावळट दिसतं, पण कारण न कळताही जसंच्या तसं उचलणं हीच आपली ताकद आहे. गाठी, भाषा, लिपी हे सगळं असंच पिढीतून पिढीत जातं.

१४. हुशार माणसंही सोप्या कोड्यात का अडकतात?

आधीचं यश आड येतं. अब्राहम लुचिन्स यांचं १९४२ चं कोडं करून पाहा. २१, १२७ आणि ३ मापांची भांडी, पाणी हवं १००. उत्तर: १२७ मधून २१ काढा, मग दोनदा ३. अशी पाच-सहा कोडी सोडवा आणि मग २३, ४९ आणि ३ मधून २० काढा. बहुतेक जण ४९ मधून २३ आणि दोनदा ३ काढतात. २३ मधून एकदा ३ काढलं की झालं, हे दिसतच नाही. २८, ७६ आणि ३ मधून २५ काढायला जुनी रीत चालत नाही, तिथे काही जण कोडंच अशक्य म्हणून सोडतात. नवख्या माणसाला तेच क्षणात जमतं. बुद्धी कमी पडलेली नसते, चाकोरी खोल गेलेली असते.

१५. कोड्यात अडकलो तर नेमकं काय करावं?

त्याच मांडणीत जोर लावणं थांबवा आणि मांडणी बदला. ८×८ च्या बुद्धिबळपटाच्या एका कर्णाच्या दोन टोकांची कोपऱ्यातली घरं कापली. उरलेल्या ६२ घरांवर दोन-दोन घरं झाकणाऱ्या ३१ पट्ट्या बसतील का? पट्ट्या लावून पाहत बसाल तर दिवस जाईल. रंग मोजा: कापलेली दोन्ही घरं एकाच रंगाची, म्हणजे ३२ विरुद्ध ३० घरं उरली. प्रत्येक पट्टी दोन्ही रंगांचं एकेक घर झाकते. म्हणून अशक्य.

व्यवहारात हे करून पाहा: काय हवंय ते एका ओळीत लिहा, कोणती अट खरोखर दिलेली आहे आणि कोणती आपण मनाने घातली, ते वेगळं करा, शेवटाकडून मागे या, तेच कोडं लहान आकड्यांवर सोडवा. तरीही हललं नाही तर उठा आणि वेगळंच काम करा. विश्रांतीत चुकीची वाट मनातून थोडी पुसट होते, पण त्याआधी कोड्यात पुरेसं झटलेलं असावं लागतं.

१६. कळत असूनही चुकीकडे हात जातो, असं प्राण्यांतही होतं?

होतं. सॅली बॉयसन यांच्या शीबा या चिंपांझीसमोर गोळ्यांच्या दोन थाळ्या असत. ती बोट दाखवेल ती थाळी दुसऱ्या चिंपांझीला आणि उरलेली तिला. ती पुन्हा पुन्हा जास्त गोळ्यांच्या थाळीकडेच बोट दाखवी आणि हरे. गोळ्यांऐवजी तिला ओळखीचे आकडे लिहून ठेवले, की लगेच लहान आकडा निवडी. तिला नियम कळला होता. खाऊ समोर असताना हात आवरत नव्हता. आपल्यालाही मोहाची गोष्ट नजरेआड केली की निर्णय नीट घेता येतो.

१७. मेंदूच नसलेला जीव चक्रव्यूह सोडवतो, हे खरं का?

खरं आहे. फायसॅरम हा पिवळा चिकट बुरशीसारखा जीव २००० साली जपानी संशोधकांनी छोट्या चक्रव्यूहात पसरवला आणि दोन टोकांना ओटचं खाद्य ठेवलं. तो आधी सगळ्या वाटा व्यापतो, मग निरुपयोगी वाटांतून अंग काढून घेत सगळ्यात जवळच्या वाटेवर एकच नळी ठेवतो. प्रश्न सुटतो, पण जास्त वाहणारी नळी जाड होणं आणि कमी वाहणारी आकसणं एवढ्यावरच. प्रश्न १ मधली कसोटी लावली तर ही समस्या सोडवणं आहे. याला विचार म्हणायला मात्र आमचं मन तयार नाही.

१८. प्राणी कोड्यात पास झाला. त्याला समजलं की त्याने नियम पाठ केला, हे कसं ठरवतात?

समज असेल तरच वागणं बदलेल, असा एक बदल करून. आडव्या पारदर्शक नळीत खाऊ, मध्ये खालच्या बाजूला खड्डा, आणि काठीने खाऊ ढकलायचा. चुकीच्या टोकाने ढकललं तर खाऊ खड्ड्यात पडतो. १९९४ साली चारपैकी एका कापुचिन माकडिणीला हे जमलं. मग नळी फिरवून खड्डा वर नेला, म्हणजे तो निरुपद्रवी झाला. तरी ती खाऊपासून लांबच्या टोकानेच ढकलत राहिली. "तिला खड्डा कळलाच नव्हता" असा निष्कर्ष निघाला आणि बरीच वर्षं टिकला. पुढे तीच नळी प्रौढ माणसांना दिली, तर खड्डा वर असतानाही त्यांतले बरेच जण तो टाळून ढकलत होते. खड्डा त्यांना पुरता कळलेला होता; टाळण्यात काही तोटा नव्हता, एवढंच. म्हणून आता या चाचणीत दोन खड्डे ठेवतात, एक चालता आणि एक निकामी, म्हणजे निवड चुकली तर खाऊ खरोखर हातचा जातो.